पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला

पुण्याचा भूगोल शाळेत चुकीचा शिकवतात, असं माझं मत होत चाललं आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाताना चांदणी चौक लागतो, बावधन लागतं, वाकड लागतं, एवढंच मला ठाऊक होतं. पण सकाळी साडेनऊला या रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांचे टायर पाहिले, की मधे कुठेतरी वाळूच्या टेकड्या, गुडघाभर चिखल आणि थोडासा बर्फही असणार याबद्दल शंका राहत नाही. बर्फाचं मी उगाच म्हणत नाही. यातल्या काही टायरांच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. बर्फावरची ठरावीक चाचणी टायर पास झाल्याची ती खूण. त्या खुणेवर स्वार होऊन माणसं ताशी बारा किलोमीटर वेगाने भूमकर चौकाकडे सरकत असतात.

माझा भाचा त्यांच्यातलाच. हिंजवडीत नोकरी, कोथरूडला फ्लॅट आणि मधल्या मोहिमेसाठी थार. थारचं वाळवंट राजस्थानात, गाडी तयार होते नाशकात आणि मुक्काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. २०२० मध्ये ही नवी थार आली तेव्हा वरच्या मॉडेलला कंपनीनेच २५५/६५ आर १८ मापाचे ऑल-टेरेन टायर दिले होते; रस्ता आणि माती दोन्हीवर चालणारे, ज्यांना गॅरेजवाले नुसतं ‘एटी’ म्हणतात. भाच्याच्या गाडीलाही तेच होते. नव्या टायरवर रबराचे केस असतात, ते झडायच्या आत त्याने टायर विकायला काढले. ‘‘मामा, हे स्टॉक टायर आहेत,’’ तो म्हणाला. गाडीचं वजन, ब्रेक, सस्पेन्शन यांचा हिशेब करून कंपनीच्या इंजिनिअरांनी निवडलेली वस्तू आपल्या गाडीला असणं ही केवढी नामुष्की आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

पण टायरच्या आधी लिफ्ट. फार नाही, दोनच इंच. स्प्रिंगवर एक जाड चकती बसवतात आणि गाडी उंच होते. म्हणजे बॉडी उंच होते. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियलचा गोळा लोंबत असतो आणि वाटेतला दगड बहुतेकदा त्यालाच भेटतो. तो ॲक्सलवर, म्हणजे स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे होता तिथेच राहतो. त्याला उचलायचं तर टायरच मोठा हवा. २५५/६५ च्या जागी २५५/७० घातला तर टायरचा व्यास साडेपंचवीस मिलिमीटरने वाढतो आणि गोळा त्याच्या निम्म्याने वर जातो. पावणेतेरा मिलिमीटर. कंपनीने २२६ मिलिमीटर उंची दिलेलीच होती, तीत करंगळीच्या नखाएवढी भर पडली.

बॉडी मात्र खरोखरच वर गेली. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाऊ लागला. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा तिरपेपणा वाढला, अलाइनमेंट नव्याने करावं लागलं आणि माझ्या बहिणीला, म्हणजे गाडीमालकाच्या आईला, गाडीत चढता येईना. यावर भाच्याने काढलेला तोडगा मी लग्नाला निघताना पाहिला. ताई पैठणी सावरून दाराशी उभी. चिरंजीव खाली उतरले, मागचं दार उघडून घडीचं लाल प्लास्टिकचं स्टूल काढलं, ते फुटपाथच्या कडेला टेकवलं, हलत नाही ना ते पायाने पाहिलं. ताईने एक पाय स्टुलावर ठेवला, एक हात लेकाच्या खांद्यावर, दुसरा दाराच्या वरच्या दांड्यावर, आणि ‘‘आई गं’’ म्हणत ती आत पोचली. मागे तीन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. घडी घातलेलं स्टूल जागेवर गेलं. खिडकीतून ताई मला म्हणाली, ‘‘एसटीला निदान पायऱ्या असतात रे.’’

आता टायर. टायरच्या कडेवर केवढा मजकूर असतो! २५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या पासष्ट टक्के. १८ इंचांची रिम. पुढे १०९ असेल तर एका टायरने १,०३० किलो पेलायचे. त्यामागचं अक्षर वेगाचं, एस असेल तर ताशी १८० किलोमीटरपर्यंत. आणि एका कोपऱ्यात चार आकडे: २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर पडून पडून टणक होतं, म्हणून गिऱ्हाइकाने आधी हे चार आकडे बघावेत. भाच्याने तेवढे सोडून बाकी सगळं तोंडपाठ केलं होतं.

मग टायरच्या दुकानात एलटीचा विषय निघाला. हा हलक्या ट्रकांसाठीचा टायर. कडेला जादा थर, दगडाने सहजी फाटत नाही, वजन मात्र चांगलंच जास्त. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, शिवाय फिरणारं; त्यामुळे गाडी पळायला आळशी, थांबायला आळशी, आणि खड्ड्यात गेली की कडक टायर धक्का स्वतः न खाता आत बसलेल्यांना वाटून टाकतो. खडीच्या खाणीत रोज माल वाहणाऱ्याने तो जरूर घ्यावा. भाच्याच्या गाडीत लॅपटॉप असतो, डबा असतो आणि ते स्टूल.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पांढऱ्या अक्षरांची. अनेक एटी टायरांच्या एका बाजूला कंपनीचं नाव पांढऱ्या उठावदार अक्षरांत असतं, दुसऱ्या बाजूला काळ्या. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ पासून वाळवंटातली मोटारशर्यत होते, तिथे या जातीच्या टायरांनी नाव कमावलं. ते नाव आता कोथरूडच्या बेसमेंटमध्ये नीट वाचता आलं पाहिजे, म्हणून पांढरी बाजू बाहेर. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हा प्रश्न कुणीच काढला नाही. मी काढला, तेव्हा तिथली माणसं गप्प झाली. शुभकार्यात मी भलतंच काही बोललो असणार.

टायरवाले काका जुने आहेत. हातातला टायर वळवत त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘साहेब, मातीत किती आणि डांबरावर किती?’’ भाचा म्हणाला, ‘‘काका, लूक.’’ काकांनी मान हलवली आणि जॅक लावायला घेतला. एरवी ते काय सांगतात ते मी ऐकलेलं आहे: ज्याचं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरावर, त्याने मोठ्या बटणांचा, म्हणजे रबराच्या जाड उंचवट्यांचा, टायर घेऊ नये. बटणं जवळजवळ हवीत आणि त्यांच्यावर बारीक चिरा हव्यात, कारण ओल्या काँक्रीटवर पकड त्या चिरांमुळे मिळते. दोन बटणांमधली फट जेवढी मोठी, तेवढं रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि घोंगावणं जास्त. टायर एलटी नको, साधा घ्या. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, आठ-दहा हजार किलोमीटरवर टायर पुढचे मागे करा. या सल्ल्याचे काका पैसे घेत नाहीत, त्यामुळे तो कुणी मनावर घेत नाही. नायट्रोजनचे मात्र घेतात. बाहेरच्या फुकट हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या बावीस टक्क्यांच्या बंदोबस्ताचे ते पैसे.

चार टायर चढले आणि पाचवा प्रश्न मागच्या दारावर लटकत राहिला. स्टेपनी जुन्याच मापाची. फोर-व्हील लावून एक चाक लहान आणि तीन मोठी अशी गाडी कोरड्या रस्त्यावर चालवली तर आतल्या गिअरांवर नाहक ताण येतो, त्यामुळे पाचवा टायरही त्याच मापाचा हवा, हे शास्त्राला धरून आहे. पण भाच्याने तो घेतला याचं कारण शास्त्र नव्हे. मागे उभ्या असलेल्या गाडीला दिसतो तो हाच टायर. त्याला जमिनीला टेकण्याचा प्रसंग क्वचितच येईल, म्हणून त्याची पांढरी अक्षरं सर्वांत स्वच्छ राहतात.

नव्या मापामुळे काट्याचाही हिशेब बिघडला. चाक एका फेरीत सव्वातीन टक्के जास्त अंतर तोडतं आणि मीटरला ते कळत नाही. एक्स्प्रेस-वेवर शंभरची मर्यादा आणि वर कॅमेरे. पूर्वी काटा शंभरवर असताना गाडी ज्या वेगाने जायची त्याहून आता ती तीनेक किलोमीटरने पुढे असते. पण भाच्याला यात फायदा दिसला. डिझेल जास्त लागतंय असं त्याचे वडील म्हणाले, तर तो म्हणतो, ‘‘बाबा, ॲव्हरेज पडलेलं नाही, मीटर कमी किलोमीटर मोजतंय.’’ आणि गंमत म्हणजे यातला सव्वातीन टक्के भाग खरा आहे.

कायद्याचं मी त्याला सांगून पाहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. भाचा निर्धास्त आहे. चौकातल्या हवालदारांचं लक्ष बिनहेल्मेटवाल्यांकडे असतं आणि थारमध्ये हेल्मेट लागत नाही.

त्याचं हुकमी उत्तर म्हणजे खड्डे. ‘‘मामा, पुण्याचे रस्ते हेच खरं ऑफ-रोडिंग.’’ महापालिकेचा एवढा बिनतोड बचाव महापालिकेलाही सुचला नसता. पण खड्ड्यात रिम वाचवते ती टायरची उंच कड, खालच्या बटणांचा त्यात काही संबंध नाही. याच थारच्या खालच्या मॉडेलला २०२० मध्ये २४५/७५ आर १६ टायर यायचे. त्यांची कड १८४ मिलिमीटर, वरच्या मॉडेलची १६६. म्हणजे खड्ड्यांसाठीची गाडी कंपनीने कमी पैशांत ठेवली होती. १६ इंचांची रिम लांबून लहान दिसते, एवढाच तिचा गुन्हा.

पावसाळ्यात ही मंडळी ताम्हिणीला जातात. थार डबक्यात घालून पाणी दोन्ही बाजूंना उडवायचं, दुसऱ्याने त्याचं चित्रण करायचं, वर गाणं लावायचं. मागच्या जुलैतल्या त्यांच्या व्हिडिओत एक जागा आहे: चढाचा चिखलाचा रस्ता, चार थार कडेला उभ्या, वर जायचं की नाही यावर गंभीर खल चाललेला, आणि मागून हॉर्न वाजवत लाल एसटी येते. तिचे टायर झिजत आलेले, एका खिडकीला काच नाही, दारात दुधाच्या किटल्या. चालक एका हाताने ‘बाजूला व्हा’ अशी खूण करतो आणि बस वर निघून जाते. व्हिडिओतून एवढा भाग नंतर कापला आहे. मला तो ताईने दाखवला, तिच्याकडे मूळ प्रत आहे.

हल्ली भाच्याला नवी पाच दारांची रॉक्स हवी आहे, त्यामुळे ही गाडी विकायला काढली. जाहिरातीचा मजकूर तपासायला त्याने माझ्याकडे पाठवला. लिफ्ट, एटी टायर, पुढे विंच, वर दिव्यांची पट्टी, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. स्टुलाचा उल्लेख नव्हता. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, गिऱ्हाइकाच्या आधी डोळ्यांत भरावं असं: ‘एकहाती वापर. गाडी एकदाही ऑफ-रोड नेलेली नाही.’