आत्या ख्मेर शिकते

गीतांजली एक्स्प्रेसमधून रायपूरला उतरलो आणि रिक्षानं चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळावरून पुढे, आत्याच्या दारात पोचलो. आतून आरोळ्या येत होत्या, "कॉ, खॉ, को, खो, ङो!" मंडळाच्या खो-खोचा सराव आत्यानं दिवाणखान्यात हलवला असावा, असं वाटलं.

"बैस न, तास चालू आहे," आत्या म्हणाली. "ख्मेर शिकून राहिले मी. थंडीत अंगकोरला जायचं आहे."

कंबोडियाला जाऊन आलेले नातेवाईक घरोघरी असतात, पण भाषा शिकून गेल्याचं ऐकिवात नाही. तिथं डॉलर चालतो. उरलेलं काम आपला माणूस मोठ्यानं हिंदी बोलून भागवतो. आत्यानं मात्र सिएम रीपची एक शिक्षिका गाठून व्हिडिओवर शिकवणी लावली होती. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. त्यामुळे बाई जेवायला उठायच्या बेतात आल्या की आत्याला शंका सुचायला लागत.

पहिला तंटा हाक मारण्यावरून झाला. ख्मेर माणूस परक्यालाही नात्यानंच बोलावतो. बाईंनी आदरानं 'येय' म्हटलं, म्हणजे आजी. आत्यानं तास थांबवला. बऱ्याच वाटाघाटींनंतर 'मिंग', म्हणजे मावशी, यावर तडजोड झाली. आतोबांना 'ता', म्हणजे आजोबा, हे पद बिनविरोध मिळालं.

खरा घोटाळा होकाराचा. 'हो' म्हणायला ख्मेर पुरुष 'बात' म्हणतात आणि बायका 'चा'. बाईंनी काही विचारलं की आत्या ठणकावून म्हणे, "चा!" आणि आतोबा निमूट स्वयंपाकघरात जात. तास संपेपर्यंत टीपॉयवर कपबशा मावेनात.

व्याकरण सोपं निघालं. क्रियापद चालवायचं नाही, नामाला लिंग नाही. हिंदी आणि मराठीच्या मध्ये जन्मभर ठेचकाळलेल्या आतोबांना हे ऐकून गहिवरून आलं. लिपी पल्लवांच्या लिपीतून निघालेली, वर्णमालेचा क्रमही आपलाच. पण क आणि ग यांचा उच्चार एकच, फरक मागच्या स्वरात. आत्याच्या मते ही शुद्ध लबाडी. आकडे मात्र तिला पटले. पाचापर्यंत सरळ, मग सहा म्हणजे 'पाच-एक', नऊ म्हणजे 'पाच-चार'. "एक हात संपला की दुसरा काढायचा. बरोबरच आहे न!"

रंगीत तालीम म्हणून आम्ही सिरपूरला गेलो. महानदीकाठचं सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर. त्याच शतकात कंबोडियात ईशानपुरातही, म्हणजे आजच्या सांबोर प्रेइ कुकला, विटांचीच देवळं उभी राहत होती. "मग अर्धा कंबोडिया इथंच झाला की," आतोबा आशेनं म्हणाले. आत्यानं नुसतं पाहिलं. वासटा राणीनं हे देऊळ दिवंगत नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधलं, ही पाटीवरची माहिती आतोबा मग फार लक्ष देऊन वाचू लागले.

परतल्यावर गोल बाजारात शेवग्याचा भाव विचारला. "थ्लाय नाह्!" आत्या कडाडली. फार महाग.

भाजीवाली थबकली. "का कहिथस दाई?"

आत्यानं तेच पुन्हा, हातवाऱ्यांसकट ऐकवलं. भाजीवालीनं क्षणभर विचार केला आणि शेंगांची जुडी तिच्या नाकासमोर धरली.

"थ्लाय नोहे दाई, ताजा मुनगा हे!"