तुम्ही यायच्या आधी बोलत होता

“काय हे! आत्ता बोलत होता हो! तुम्ही बेल वाजवायच्या आधी नुसता पटापट बोलत होता!”

हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल, तर तुमच्या ओळखीत एकही पोपटवाला नाही, आणि असा भाग्यवान माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या बोईसरचे पोपटवाले म्हणजे भाऊ. तारापूर एमआयडीसीतल्या एका डाइजच्या कारखान्यात जन्मभर शिफ्ट करून निवृत्त झालेले. नोकरीत असताना भाऊंच्या तोंडून शब्द बाहेर पडायला गेटपास लागायचा. आता घरात पोपट आहे. पोपट गप्प असतो आणि भाऊ बोलतात.

पोपट मूळचा पालघरचा. म्हणजे मूळचा आफ्रिकेतला, पण वाढला पालघर स्टेशनजवळच्या एका गुजराती व्यापाऱ्याच्या घरी. ते कुटुंब मुलाकडे कॅनडाला निघालं. या जातीचा पोपट देशाबाहेर न्यायचा तर दोन्हीकडच्या सरकारांचे परवाने लागतात. घरातल्या सगळ्यांना व्हिसा मिळाला, पोपट राहिला. त्या शेठजींशी भाऊंची कारखान्यापासूनची ओळख. “तुमच्याकडे बाल्कनी आहे ना?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा वहिनींना न विचारता “हो” म्हटलं.

रिक्षाने आणला तर खड्ड्यांत त्याची हाडं खिळखिळी होतील म्हणून भाऊंनी दुपारची डहाणू लोकल निवडली. पालघर ते बोईसर मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. पण तेवढ्या प्रवासाचं वर्णन भाऊ असं करतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे काशीयात्रेहून आलेत. “अहो, उमरोळीला काय बोलला! अख्खा डबा हसत होता.” डब्यातला एकही साक्षीदार आजवर पुढे आलेला नाही.

आमच्यासमोर तो एक शब्द बोलत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले: “तुम्ही लिफ्टमध्ये होतात ना, तेव्हा बोलला.” कल्याणच्या बहिणीने व्हिडिओ कॉल केला: “अगं, नेट यायच्या आधी बोलला.” डॉक्टरांनी नखं कापताना सहज विचारलं, “बोलतो का?” तर भाऊ म्हणाले, “दवाखान्याच्या पायरीपर्यंत बोलत होता.” 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत होते. त्यातही भाऊंनी पोपटाला श्रेय दिलं: “पालघरला असताना धक्का यायच्या आधी बोलायचा म्हणे.” भूकंप मोजणाऱ्यांनी आणि आम्ही सर्वांनीच एक मोठी संधी घालवली.

एकदा मी त्यांना चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याची गोष्ट सांगितली. 2015 मध्ये तिथे एका 85 वर्षांच्या आजींनी पोलिसांत तक्रार दिली होती, की सावत्र मुलाने त्याच्या पोपटाला शिव्या शिकवल्यात आणि मी रस्त्याने जाताना तो मला शिव्या देतो. पोलिसांनी आजी, मुलगा आणि हरियाल नावाचा तो पोपट, तिघांनाही ठाण्यात बोलावलं. आजींना पिंजऱ्यासमोर उभं केलं. पोपटाने चकार शब्द काढला नाही, आणि शेवटी त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. गोष्ट संपली तेव्हा मला वाटलं, आता तरी भाऊ वरमतील. भाऊ शांतपणे म्हणाले, “ठाण्यात आणायच्या आधी बोलला असणार.”

हरियाल हिरवा होता. भाऊंचा पोपट करडा आहे, फक्त शेपटी लालभडक. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी बघायला आल्या, चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि हळहळल्या, “एमआयडीसीच्या हवेने रंग उडाला हो बिचाऱ्याचा.” तेव्हापासून भाऊ येणाऱ्याला आधी कायदा शिकवतात आणि मग पाणी विचारतात. आपला हिरवा राघू पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तो कुठे जखमी सापडला, तर पिंजरा आणायचा नाही, वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करायचा. हा मात्र परदेशी, आफ्रिकन ग्रे. त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे. त्या नोंदीचा कागद भाऊंनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलाय. गावच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवायला ते वीस वर्षं टाळाटाळ करतायत.

कायद्यानंतर येतं पथ्यपाणी. ॲव्होकॅडो पोपटाला विष असतं, म्हणून घरात ॲव्होकॅडोला बंदी. बोईसरच्या बाजारात ॲव्होकॅडो मागितला तर भाजीवाली आधी तुमच्याकडे आणि मग आकाशाकडे बघेल, पण बंदी ती बंदी. चॉकलेट बंद. उदबत्ती बाल्कनीच्या विरुद्ध टोकाला. नॉनस्टिकचं भांडं फार तापलं तर त्याच्या धुराने पक्षी मरतो, हे कळल्याच्या संध्याकाळी वहिनींचे सगळे नॉनस्टिक तवे भंगारात गेले आणि माळ्यावरचा बिडाचा तवा खाली आला.

यातलं काही खोटं नाही. फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचे गुण लावले, तेव्हा तारापूर पहिलं आलं होतं. बोर्डात पहिलं येण्याचा आमच्या गावाचा हा एकच प्रसंग. त्या हवेत भाऊ जन्मभर राहिले, पोरं वाढवली, रात्री वास आला की खिडकी लावून कूस बदलली. तक्रारीचा एक अर्ज त्यांच्या हातून कधी गेला नाही. पोपट आल्यावर महिन्याभरात त्यांनी पहिला अर्ज लिहिला. विषय: घरातील पक्ष्यास होणारा त्रास. उत्तर अजून आलेलं नाही. माणसांच्या अर्जांना तरी कुठे येतं?

मग शिकवणी सुरू झाली. पोपटाने आल्यागेल्याला “या, बसा” म्हणावं, एवढीच भाऊंची इच्छा. अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग बाईंचा ॲलेक्स याच जातीचा. त्याला 100 हून अधिक शब्द येत, रंग आणि आकार ओळखता येत, आणि 2007 साली तो गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. हे सगळं भाऊंना वाढदिवसांच्या तारखांपेक्षा चोख पाठ. “100 शब्द! मी दोनच मागतोय.” त्यांनी मोबाइलवर स्वतःच्या आवाजात “या, बसा” भरून पिंजऱ्याजवळ लावून ठेवलं. आठवड्याभरात नात शिकली. ती दूधवाल्याला, कचरेवाल्याला, दारात आलेल्या मांजराला “या, बसा” म्हणू लागली. सूनबाई फोनवर ऑफिसच्या साहेबांना म्हणून बसली. पोपट सोडून घर तयार झालं.

पोपट शिकवलेलं उचलत नाही, ऐकलेलं उचलतो. त्यातही जे मनापासून आणि रोज होतं ते. त्याला पालघर स्टेशनवरच्या गाडीचा भोंगा येतो. मागे येणाऱ्या टँकरची टिटटिट येते, आणि ती ऐकून खालची मुलं क्रिकेट सोडून बाजूला होतात. कुकरची शिट्टी तर अशी हुबेहूब, की वहिनी दोन खऱ्या आणि एक पोपटाची अशा तीन मोजून गॅस बंद करायच्या आणि वाडा कोलमचा भात कच्चा राहायचा. आता शिट्टी झाली की त्या आधी पिंजऱ्याकडे बघतात. तो मान तिरकी करून छताकडे बघत असतो.

परवा भाऊ बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. वहिनी आत पोळ्या करत होत्या, मी बाल्कनीजवळ पेपर चाळत बसलो होतो. अचानक पिंजऱ्यातून भाऊंचा आवाज आला. तोच हेल, तीच तक्रार: “आत्ता बोलत होता हो!”

मी उडालोच. भाऊ आल्या आल्या मी त्यांना सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, पिंजऱ्यासमोर उभे राहिले, शीळ घातली, पेरूची फोड दाखवली. पोपट ढिम्म. “अहो खरंच,” मी म्हणालो, “तुम्ही यायच्या आधीच बोलला.” भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोपट नसलेल्या माणसाने थापा तरी कशाला माराव्यात.

वहिनींनी चहा ठेवताना वेगळंच सांगितलं. आल्यावर पहिले काही दिवस पोपट काही खाईना. छातीवरची पिसं चोचीने उपटून टाकायचा. घर सुटलेले हे पक्षी असंच करतात, डॉक्टर म्हणाले. भाऊ रात्री खुर्ची टाकून पिंजऱ्याजवळ बसायचे. शेवटी त्यांनी पालघरला फोन लावला, कारण शेठजी निघायला अजून थोडे दिवस होते. तेव्हा कळलं, की त्या घरी दुपारी साडेबाराला शेठाणीबाई सगळ्यांना हाक मारायच्या, “जमवा चालो!” आणि सगळे बसले की हा खायचा. त्या घराच्या थव्यातलाच तो एक. हाक नाही, म्हणजे थवा नाही, आणि थव्यावाचून दाणा कुठला गोड लागणार?

दुसऱ्या दिवशी साडेबाराला भाऊंनी पिंजऱ्यासमोर उभं राहून, लाजत, दार लावून, “जमवा चालो” म्हटलं. पोपटाने मान वळवली, पण वाटीला चोच लावली नाही. भाऊंनी सगळ्यांना बोलावून पाट मांडले. मग त्याने डाळिंबाचा पहिला दाणा उचलला. शिफ्टच्या घरात जन्मभर ज्याचं ताट त्याने, जेव्हा येईल तेव्हा वाढून घेतलं होतं. आता घरी असतील तेवढी माणसं साडेबाराला खाली बसतात. “लग्नाला पस्तीस वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या, “‘जेवायला चल’ आत्ता ऐकलं. तेसुद्धा गुजरातीत, आणि पोपटासाठी.” बोलताना त्या हसत होत्या. आतून भाऊ ओरडले, “ऐकलंत का? आत्ता शीळ घातली!”

पोपटाचं वय 14. ही जात माणसाच्या घरात चाळीस-पन्नास वर्षं सहज जगते. भाऊंचं वय 61. गणित त्यांनी केलेलं आहे, आणि म्हणूनच हल्ली ते पोपटाच्या पुढच्या घराची चौकशी करत असतात. पालघर, बोईसर, डहाणू, कुठलंही चालेल. कागदपत्रं तयार आहेत, पिंजरा फुकट. अट एकच: दुपारी साडेबाराला घरात असतील त्या सगळ्यांनी, मोबाइल बाजूला ठेवून, एकत्र जेवायला बसायचं. आजवर बऱ्याच घरांनी उत्सुकता दाखवली. अट ऐकून सगळ्यांनी हात जोडले. तुमच्या घरी जमत असेल तर कळवा, भाऊ स्वतः येऊन पाहून जातील.