बायकोनेच केलं असणार!

एखादं कुटुंब बेपत्ता झालं की पोलिसांचा पंचनामा व्हायच्या आत मोबाइलवर निकाल लागलेला असतो. बायको गायब असेल तर नवऱ्याने केलं. नवरा गायब असेल तर बायकोने केलं. आणि दोघंही गायब असतील तर?

तरीही बायकोनेच.

थट्टा नाही. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ फॉलब्रुक नावाचं गाव आहे. ४ फेब्रुवारी २०१० रोजी तिथलं मॅकस्टे कुटुंब नाहीसं झालं. नवरा, बायको आणि चार व तीन वर्षांची दोन पोरं. नवऱ्याचा शोभेची कारंजी विकायचा धंदा. पोलीस घरात शिरले तेव्हा सोफ्यावर पॉपकॉर्नचे वाडगे, ओट्यावर अंडी आणि मागच्या अंगणात दोन कुत्री. गायब झाल्यापासून चार दिवसांतच गाडी मिळाली होती, ती थेट मेक्सिकोच्या सीमेलगत, सॅन इसिद्रोतल्या दुकानांच्या पार्किंगमध्ये.

घरातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी शोधलं होतं, लहान मुलांना मेक्सिकोला न्यायला कोणती कागदपत्रं लागतात? सीमेवरच्या कॅमेऱ्यात चार पाठमोऱ्या आकृत्या दिसल्या. दोन मोठे, दोन छोटे, हात धरून चाललेले. झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

बँकेतल्या लाखावर डॉलरना हात लागलेला नव्हता, एवढीच काय ती अडचण. पळून जाणारा माणूस पोरं घेतो, पैसे विसरतो आणि कुत्र्यांना उपाशी ठेवून जातो, हे कुणाला खटकलं नाही. खटकलं असतं तर तिथेच कथा संपली असती ना!

आणि चौघं गुण्यागोविंदाने पळाले, या कथेला तरी काय चव? खलनायक हवा. तो घरातच सापडला. बायको भांडकुदळ म्हणे. नवऱ्याला जाब विचारायची म्हणे. शिवाय तिने म्हणे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी नावं लावली होती. नवऱ्याची तब्येत काही दिवस बिघडलेली होती, मग विषच घालत असणार. तिच्याकडे बोट दाखवणारं अख्खं पुस्तक २०१३ मध्ये बाजारात आलं.

जाब विचारणारी बायको संशयित धरायची ठरली, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत एक तुरुंग बांधावा लागेल.

नोव्हेंबर २०१३. व्हिक्टरव्हिलजवळ मोहावी वाळवंटात मोटरसायकल घेऊन भटकणाऱ्या एकाला हाडं दिसली. दोन उथळ खड्डे, चार जणांचे अवशेष. सोबत एक हातोडा. मेक्सिकोची सीमा फॉलब्रुकच्या दक्षिणेला, हे वाळवंट उत्तरेला. सगळे हौशी डिटेक्टिव्ह तीन वर्षं आणि नऊ महिने उलट्या दिशेला बघत होते.

आणि त्यांची खलनायिका स्वतःच्या पोरांसोबत वाळूखाली होती.

वर्षभराने अटक झाली ती नवऱ्यासाठी कारंजी बनवणाऱ्या माणसाला. खून पैशासाठी झाला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. उधारी थकलेली, धंद्याच्या खात्यातून चेक काढलेले. भानगड प्रेमाची नव्हती, हिशेबाची होती. २०१९ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, जानेवारी २०२० मध्ये मृत्युदंडाची शिक्षा. आपण निर्दोष आहोत, असं तो सांगतच राहिला.

आता यातला सगळ्यात झणझणीत तुकडा ऐका. अटक होण्याआधी हा माणूसही या प्रकरणावर पुस्तक लिहायच्या बेतात होता. विषय? बायकोचा रागीट स्वभाव आणि नवऱ्याचं गूढ आजारपण. म्हणजे हौशी शोधकर्ते ज्या थिअरीवर रात्री जागवत होते, ती पुढे खुनी ठरलेल्या माणसालाही अगदी पसंत होती.

का नसेल? फुकटात वकील मिळत होते, तेही शेकड्यांनी.

कुणी म्हणेल, पोलीससुद्धा आधी जोडीदारालाच धरतात की! धरतात, आणि धरावंच. घरातल्या खुनात घरचाच हात असतो हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. मात्र पोलिसांच्या संशयाला वहीत एक ओळ मिळते, मग फोनचे रेकॉर्ड येतात, टॉवर लोकेशन येतं, बँकेचा उतारा येतो आणि त्या ओळीवर काट मारता येते. आपल्या ग्रुपवरच्या संशयावर काट कोण मारणार? ॲडमिन?

पोलीसही काही ऋषिमुनी नव्हते म्हणा. एप्रिल २०१३ मध्ये सॅन दिएगोच्या शेरीफ खात्याचं मत होतं की कुटुंब आपल्या मर्जीने मेक्सिकोला गेलं. मात्र सात महिन्यांनी हाडं मिळाली तेव्हा त्यांना ते मत सगळ्यांदेखत गिळावं लागलं. बाकीच्यांना काही गिळावं लागत नाही. ते पुढच्या बेपत्ता कुटुंबाकडे वळतात.

हे सगळं इंटरनेटमुळे झालं, असंही समजू नका. १९८० साली ऑस्ट्रेलियात उलुरूच्या पायथ्याशी तंबूतून एका पाद्र्याची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. आई सांगत होती, डिंगोने नेली. रानटी कुत्रा. देशाला पटलं नाही. कारण? बाई टीव्हीवर पुरेशी रडली नाही. १९८२ मध्ये आईलाच जन्मठेप. १९८६ मध्ये डिंगोंच्या वावरातच बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा ती आई, लिंडी चेंबरलेन, तुरुंगातून बाहेर आली. डिंगोनेच नेली हे सरकारी कागदावर यायला २०१२ उजाडलं.

किती रडलं म्हणजे पुरेसं? जास्त रडली तर नाटकी, कमी रडली तर निर्दयी. मधलं माप अजून कुठल्या दुकानात मिळत नाही.

आपल्याकडे या. मे २०२५. इंदूरचं नवविवाहित जोडपं मेघालयात फिरायला जातं आणि बेपत्ता होतं. पहिला आठवडाभर दोषी कोण? मेघालय! तिथले लोक, तिथल्या टोळ्या, बांगलादेशची सीमा. बायकोला पळवून नेलं, विकलं, सगळं ठरून गेलं. दरीत नवऱ्याचा मृतदेह मिळाला. मग जून महिन्यात बायको गाझीपूरला सापडली, अटक झाली आणि रातोरात तेच लोक सांगू लागले, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

पहिल्यापासून? मग परवापर्यंत मेघालयावर बहिष्कार कोण घालत होतं?

खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण मेघालयच्या टॅक्सीवाल्यांना, होम-स्टेवाल्यांना जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा खटला कुठल्याच कोर्टात नाही. आणि इकडे ज्याची त्याची बायको विनोदाचा विषय झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मीरतला एका नवऱ्याचा मृतदेह निळ्या ड्रममध्ये मिळाला होता आणि आरोप बायकोवर होता. महिन्याभरात लग्नात नवरदेवाला निळा ड्रम भेट देण्याचे व्हिडिओ फिरू लागले. एक माणूस मेला होता हो. तो कोण, त्याची मुलगी आता कुणाकडे, हे विचारणारा व्हिडिओ बघितलात का एखादा?

मुंबईला तर या कलेचं विद्यापीठच म्हणावं लागेल. २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि त्याच्या मैत्रिणीवर चॅनेलांनी काळ्या जादूपर्यंतची कलमं लावली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मीडिया ट्रायल हा न्यायदानात अडथळा आहे, असं ठणकावून सांगितलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. काळ्या जादूवर ज्यांनी तासन्‌तास चर्चा केल्या, त्यांनी त्या अहवालावर किती मिनिटं दिली?

सोसायटीच्या ग्रुपवरही हेच. दुसऱ्या विंगमधलं कुणी दोन दिवस दिसलं नाही की एक काका तपास अधिकारी, एक काकू फॉरेन्सिक तज्ज्ञ. "परवा रात्री भांड्यांचा आवाज आला होता." अहो, लग्न झालेल्या घरात भांड्यांचा आवाज येणारच. तिसऱ्या दिवशी ते जोडपं कोल्हापूरहून अंबाबाईचा प्रसाद घेऊन परत येतं, आणि सगळ्यात आधी लाडू उचलतात ते काकाच.

मॅकस्टे प्रकरणात मात्र परत येणारं कुणी नव्हतं. त्या बायकोच्या स्वभावावर, नावावर, भूतकाळावर जे लिहिलं गेलं त्याला उत्तर द्यायला ती नव्हती. उत्तर आलं नाही, तेच काहींना कबुलीजबाबासारखं वाटलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी बेपत्ता झालं तर फोटो पुढे पाठवा, पोलिस ठाण्याचा नंबर पुढे पाठवा. काही पाहिलं असेल तर त्याच नंबरवर फोन करा, ग्रुपवर नको. आणि नवऱ्याने केलं की बायकोने, हे शोधायचं काम ज्याला त्याचा पगार मिळतो त्याच्यावर सोडा.