मोजणी

आमच्या जळकोटकडे तीन पायांचं स्टँड माळावर उभं राहिलं की त्याचा अर्थ एकच, मोजणी आली. रस्त्याची, कालव्याची, पाइपलाइनची, नाहीतर भावकीतल्या बांधाची. त्यामुळे तलावाच्या काठाला ट्रायपॉड रोवून त्यावर हातभर लांबीची लेन्स चढवणाऱ्या माणसाभोवती थोड्याच वेळात ग्रामसभा भरते, यात नवल नाही. माणसं घाई करत नाहीत. आधी जरा लांब उभी राहतात, मग तंबाखू मळत जवळ येतात आणि लेन्स ज्या दिशेला आहे त्या दिशेला कुणाचा गट पडतो याचा मनाशी हिशोब करतात. ‘पाखरांचे फोटो काढतोय’ हे उत्तर खरं असलं तरी पटण्याजोगं नाही; एवढं महागाचं यंत्र घेऊन शहाणा माणूस चिखलात पाखरांसाठी बसेल, हे कुणाच्या हिशोबात बसत नाही. एका म्हाताऱ्यानं माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, “पाखरं का? बरं, बरं. पर आमचं रान तर नाही ना जात त्याच्यात?”

रान जात नाही हे खरं, पण माझी सकाळ जाते. ज्यांच्यासाठी जाते ती पाखरंही अशी, की त्यांचा फोटो घरी दाखवला तर “छान आलाय चिखल” असा अभिप्राय मिळतो. पाणथळीच्या उथळ कडेनं चालणारी ही सगळी मंडळी, तुतारी, टिलवा, चिखल्या, पाणटिवळा, चिखलाच्याच रंगाची. शेकाट्या तेवढा गुलाबी काटक्यांवर उभा राहून आपली ओळख पटवून देतो. बाकीच्यांची ओळख पायाचा रंग, चोचीची लांबी आणि भुवईची रेघ यांवर ठरायची. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या आपल्या मुलखात यांच्यातले कित्येक तांबूस-केशरी होतात म्हणे. शालू तिकडे नेसायचा आणि आमच्याकडे यायचं ते धुवट लुगड्यात, माहेरी आल्यासारखं. त्यातला छोटा टिलवा सगळ्यात लहान. वजन दोन-अडीच तोळे. सराफाच्या काट्यावर सहज मावेल एवढा हा ऐवज दर वर्षी सैबेरियाच्या टोकाकडून उडत निघतो आणि वाटेतला एवढा सगळा आशिया ओलांडून आमच्या साठवण तलावाच्या कडेला किडे टिपत बसतो. पासपोर्ट नाही, आधार नाही. उतरण्यासाठी हाच तालुका त्याला का सुचला असेल, हे मला अजून उलगडलेलं नाही. आमच्या तालुक्याला बदली झालेले कितीतरी लोक तर येण्याआधीच रद्द करून घेतात.

या पक्ष्यांची आणि आमची एक गोष्ट मात्र उलटी आहे. आम्हाला पाणी हवं, त्यांना पाण्याची कड. तलाव तुडुंब भरला की बदकं खूश, माणसं खूश, आणि या लंबूटांग्यांना पाय टेकायला जागा नाही. पाणी ओसरू लागलं, ओला गाळ उघडा पडला, की त्यांची पंगत बसते. हाळी-हंडरगुळीजवळच्या तिरू प्रकल्पाची कड उन्हाळ्याच्या तोंडाला मागे सरकायला लागते तेव्हा फोटो काढणाऱ्याच्या मनात उकळ्या फुटतात, आणि पुढच्याच क्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटते. ज्या जिल्ह्यात २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे पाणी आटण्याची वाट बघणं हे काही बरं लक्षण नव्हे. म्हणून मी मनात सुद्धा ‘आटू दे’ म्हणत नाही, ‘कड दिसू दे’ म्हणतो. देवाला एवढा बारकावा कळत असावा. शिवाय त्या गाळावर हक्क सांगणारे बरेच. कुणी त्यात गाळपेर करून टरबुजं लावतो, कुणाची देवणी जनावरं त्यातून पाण्यावर उतरतात, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यापासून जेसीबी आणि ट्रॅक्टरची रांगही असते. गाळ शेतात गेला तर माती सुधारते, धरणात पाणी जास्त मावतं. माझा विरोध असायचं कारण नाही. एवढंच वाटतं, की या पंगतीचा एक कोपरा कुणी लिहून न देताही पाहुण्यांसाठी राहू द्यावा.

फोटो चांगला यायचा तर पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला उतरावं लागतं आणि टिलव्याच्या डोळ्याची पातळी म्हणजे आपली हनुवटी चिखलात. लेन्सखाली ठेवायची थैली शहरातले फोटोग्राफर थर्माकोलच्या गोळ्यांनी भरतात; माझ्या थैलीत तूर आहे. भाव वाढला की घरातून तिची चौकशी होते. अशा तुरीवर लेन्स टेकवून, श्वास आवरून, कोपरांवर सरकत आपण पाणटिवळ्याच्या टप्प्यात यावं आणि नेमकी तेव्हाच टिटवीनं बोंब ठोकावी, हा इथला नेहमीचा परिपाठ. सगळी कड एकदम उडते. टिटवीला फोटोग्राफरची दया नाही. तिची चार ठिपकेदार अंडी उघड्या खड्यांत असतात आणि तिच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस त्यांच्यावरच चालून आलेला असतो.

लहानपणी रात्री टिटवी ओरडली की आजी अंथरुणातूनच तिला दटावायची. ते ओरडणं आजी अशुभ मानायची खरी, पण टिटवीबद्दल तिला आदरही होता. आभाळ पडलं तर पेलता यावं म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, हे मला तिनंच सांगितलं. “मग दिवसा कोण धरतं गं आभाळ?” असं मी विचारलं होतं. “दिवसा माणसं जागी असत्यात की,” आजी म्हणाली आणि कूस वळली. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ही टिटवी चोचीनं समुद्र मापायला निघालेली भेटते. गीतेचा अर्थ सांगायला निघालेल्या ज्ञानेश्वरांना स्वतःसाठी हीच उपमा सुचली. हनुवटीला गाळ लागलेल्या अवस्थेत मला तो दाखला फार जवळचा वाटतो, अर्थात समुद्र तेवढा लहान करून.

दुर्मीळ म्हणाल तर माझ्या मनात घर करून आहे तो रंगीत पाणलावा. बेशरमीच्या आणि पाणकणसाच्या गचपणात असतो, संधिप्रकाशात बाहेर येतो आणि चाहूल लागली की जागच्या जागी थिजतो, इतका की आपण त्याच्याकडेच बघत असतो आणि दिसत नाही. यांच्यात रंग सगळा मादीला, नर फिकट. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे. मादी दुसरं घर मांडायला मोकळी. तलावावर धुणं धुणाऱ्या बायकांना मी हे एकदा सांगितलं. त्यातली एक पिळा झटकत म्हणाली, “पुढल्या जन्मी आमाला हेच पाखरू कर म्हणावं देवाला.” त्या दिवशी पाणलावा दिसला नाही, पण त्याचं कौतुक करणारे वाढले.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९३१-३२ साली, सलीम अलींनी संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी पक्षी नोंदवायचा म्हणजे बंदुकीनं टिपून, पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून, पायाला चिठ्ठी बांधायची. आता नुसता उजेड टिपून भागतं, ही प्रगती मला मान्य आहे. पण फोटोनं पक्षी वाचतोच असं नाही. कुरलाच्या कुळातला बारीक चोचीचा एक पक्षी १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर खात्रीनं दिसला. त्याचा फोटोही निघाला. त्यानंतर तीस वर्षं माणसं शोधत राहिली आणि २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. तो भरपूर होता त्या काळात किती होता, हे कुणी नीट मोजून ठेवलेलं नाही. दुर्मीळ झाल्यावर सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले. हे वाचल्यापासून पाणलाव्याच्या मागे धावताना वाटेतल्या टिटव्या मी नुसत्या ओलांडत नाही, मोजतो.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. त्या दिवसांत तलावावर कुणी ‘मोजणी हाय का?’ म्हणून विचारलं तर ‘हो’ म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. आपल्याकडच्या मोठ्या जागा, नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर, उजनी, यांना माणसं मिळतात. जळकोट, उदगीर, मुखेडकडचे लहान तलाव राहून जातात. तेव्हा येत्या जानेवारीत तुमच्या गावच्या तलावावर एक सकाळ जा. दुर्बीण नसली तरी चालेल. शेकाट्या आणि टिटवी नुसत्या डोळ्यांना ओळखू येतात. तारीख, वेळ, तलावाचं नाव आणि आकडे लिहा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. एकही पक्षी दिसला नाही तर तसंच लिहा. तीही नोंद लागते.