'कसला' नव्हे, 'कधी' : मुंबई ते लोणावळा, कान देऊन

हौसेला मोल नसतं म्हणतात. आवाज मात्र असतो. स्विफ्टची कंपनीची चाकं काढून बाजारातली १६ इंची अलॉय बसवली, ती मडगार्डच्या आत लाजून बसल्यासारखी दिसतात म्हणून त्यांना चारचौघांत आणायला चाकांमागे स्पेसरच्या चकत्या घातल्या, की पुढच्या रविवारी गाडी बोलायला लागते. काय बोलते यावर गाडीत माणसं तितकी मतं. पुढे बसलेल्याला 'खडखड' ऐकू येते, मागच्या काकांना तीच 'घर्र' वाटते, काकू 'कुईकुई'वर ठाम असतात आणि चालवणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, कारण बिल त्याने भरलेलं असतं. आवाजांच्या नावांत मराठी गडगंज आहे, पण निदानाच्या कामी ही श्रीमंती आड येते. एकच घर्र टायरची, बेअरिंगची किंवा ब्रेकमागच्या पत्र्याची असू शकते. म्हणून आवाज 'कसला' यावर वाद घालण्यापेक्षा तो 'कधी' येतो हे बघावं. याचं उत्तर घरबसल्या मिळत नाही. त्यासाठी रस्ता लागतो. मुंबई-लोणावळा हा रस्ता तर जणू याच तपासणीसाठी आखला असावा, इतकी त्यात प्रश्नपत्रिकेची शिस्त आहे.

पहिला प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमध्येच सुटतो. १५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की चाक तेवढंच बाहेर येतं, म्हणजे ४५चा ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बैठकीपर्यंतचं अंतर) ३० होतो आणि गाडीची चाल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, ३० मिलिमीटरने रुंदावते. गाडी बघणाऱ्याला एवढंच दिसतं. दिसत नाही ते हे, की स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर बाहेर सरकलेलं चाक आधीपेक्षा मोठा घेर घेतं आणि टायरची कड मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला भेटते. तेव्हा 'फर्र' फक्त पूर्ण वळवल्यावरच येत असेल, तर बेअरिंगवर आळ घेऊ नये. प्लास्टिकवर घासून चकाकलेला पट्टा शोधावा. घासणं फक्त गतिरोधकावर आणि तेही मागची सीट भरलेली असताना होत असेल, तर मागच्या मडगार्डची कड टायरवर टेकते आहे. इथे काकांचं योगदान मोठं आहे. त्यांना उतरवून गतिरोधक एकदा, बसवून एकदा असा ओलांडला की निकाल लागतो. वजन हे मोजमापाचं साधन आहे असं काकांना सांगितलं तर ते रागावतात, पण विज्ञानाला कुणाच्या तरी रागाची किंमत मोजावीच लागते.

दुसरा प्रश्न सायन-पनवेल रस्त्यावरच्या गर्दीचा. ताशी २० किलोमीटर हा तिथला वेग म्हणजे शिक्षा वाटते, पण कानाला ती पर्वणी आहे. १९५/५५ आर १६ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. २०च्या वेगाला असं चाक सेकंदाला जवळपास तीन फेरे घेतं. 'टक' सेकंदाला तीन या लयीत येत असेल, तर ती चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूची आहे. ८०च्या वेगाला तेच फेरे अकरावर जातात, मग मोजणं तबलजीलाही जड. अशी टक टायरच्या खाचेतल्या खड्याची असते, किंवा चाकाच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन ब्रेकच्या कॅलिपरला टेकत असतं, किंवा, आणि इथे विनोद थांबतो, नट सैल असतो. म्हणून टक ऐकली की संशयितांच्या यादीत नट पहिला धरावा, गाडी कडेला घेऊन पाना लावावा आणि खडा नंतर शोधावा. नट सैल व्हायला कारागीर आळशीच असावा लागतो असं नाही. नटाचं बूड आणि चाकातली बैठक यांचा आकार जुळावा लागतो. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा शंकू लागतो, होंडाचे मूळ नट गोलसर बुडाचे असतात. गोलाला शंकूत बसवलं की तो बसल्यासारखा वाटतो, इतकंच.

कळंबोलीला एक्स्प्रेसवे लागला की तिसरा प्रश्न 'घुंईं'चा. इथला रस्ता काँक्रीटचा. टायरची घुंईं रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे सूर बदलते. काँक्रीटवर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्ता कुठला याच्याशी देणंघेणं नसतं, ते फक्त वेग ओळखतं. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि सूर तोच राहिला, तर इंजिनही निर्दोष सुटलं. भाताणच्या बोगद्यात काच खाली करावी: उघड्या रस्त्यावर विरून जाणारा आवाज भिंत परत पाठवते, आणि तो डावीकडचा की उजवीकडचा हेही कळतं. पोरं तिथे ओरडतात, त्यांना तेवढा वेळ गप्प करावं. याच टप्प्यात ८०-९०ला स्टिअरिंग थरथरू लागलं, तर नजर चाकाच्या मधल्या भोकाकडे वळवावी. स्विफ्टच्या हबची कड ५४.१ मिलिमीटरची, बाजारातल्या अनेक अलॉयचं भोक ६७.१ किंवा ७३.१. मधली पोकळी भरायला रिंग मिळते. पण साध्या चकतीसारख्या स्पेसरने हबची कडच गिळली, तर ती रिंग बसायची कशावर? यावर जाणकार म्हणतात, शंकूचे नट चाक आपोआप मध्यावर आणतात. खरं आहे, पण चाक अधांतरी धरून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले तरच. एकच नट गनने आधी ठोकला तर चाक तिरकं बसतं, आणि मग बाकीचे त्याच्या चुकीला मान देतात.

घाट हा चौथा प्रश्न. उजवं वळण घेताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. घुंईं उजव्या वळणावर वाढून डाव्यावर ओसरत असेल, तर संशय डाव्या बेअरिंगवर, आणि स्पेसरने चाक बाहेर ढकलून त्या बेअरिंगवरचा ताण वाढवलेला असतोच. ब्रेकवर पाय नुसता टेकवताच करकर बदलली, तर ती पॅडची. आता मुख्य आक्षेप: हे सगळं मिस्त्रीला कळत नाही का? कळतं, पण गॅरेजमध्ये गाडी जॅकवर असते. तिथे भार नाही, वेग नाही, वळण नाही, काकाही नाहीत. डॉक्टरपुढे गेल्यावर खोकला थांबतो तसा आवाज थांबतो. मिस्त्रीला 'आवाज येतो' एवढंच सांगणं म्हणजे पत्त्याशिवाय पत्र टाकणं; 'साठच्या पुढे, उजव्या वळणावर' हा पत्ता आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी त्याची आख्यायिका, आणि त्याला नाणं वाहून पुढे जायची रीत. नाणं जरूर वाहावं. पण ज्याने डोंगर पायाखाली घालून वाट ओळखली, त्याला आवाज न तपासता रेडिओ मोठा करणारा भक्त फारसा आवडत नसावा.

दुसरा आक्षेप स्पेसरवाल्यांचा: पोर्शासारखी कंपनी स्वतः स्पेसर विकते, मग आमच्यावरच राग का? राग नाहीच. स्पेसर गुन्हेगार नाही, बेफिकीर बसवणं गुन्हेगार आहे. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नटाने निदान तेवढेच मिलिमीटर आटे धरावेत असा संकेत आहे. सुझुकीच्या १.२५ मिलिमीटर पिचने ते साडेनऊ फेरे होतात. मूळ स्टडवरच ५ मिलिमीटरची चकती सरकवली की त्यातले चार फेरे गेले. कंपनी लांब स्टड किंवा बोल्ट देते; आपण विश्वास देतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या नोंदीबाहेरच्या बदलांना आडवं येतं, आणि त्याची आठवण विमा कंपनीला बरोबर दाव्याच्या दिवशी होते.

चाक बदलल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, असं सर्वत्र सांगितलं जातं. नवा रंग, नवी बैठक दबते आणि आवळ सैलावते; स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरला तर नटांचे दोन थर, त्यातला आतला चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. मुंबईहून लोणावळा ८० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे चिक्कीच्या दुकानासमोर, चाकं निवल्यावर, टॉर्क पाना घेऊन उकिडवं बसण्याची जागा गणितानेच ठरवून दिली आहे. घरचे चिक्की घेतील, काका येणाऱ्या-जाणाऱ्याला घर्र समजावून सांगतील. पाना मॅन्युअलमधल्या आकड्यावर पोचला की 'खट्' करतो. सबंध प्रवासात हा एकच आवाज असा, की तो कसला आणि कधी, दोन्हींवर गाडीतल्या सगळ्यांचं एकमत होतं.