चक्रोदरवायुविचार : प्रथम खंड

मोटारीच्या टायरमधील हवा हा विषय आजवर पेट्रोल पंपाच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याची टाकी आणि शौचालय यांच्या मधोमध, उपेक्षित पडून राहिला आहे. वाहनाचा रंग, मायलेज आणि पुनर्विक्रीची किंमत यांवर विपुल चिंतन झाले. परंतु ज्याच्यावर हे समस्त वैभव अधिष्ठित आहे, त्या वायूची पद्धतशीर मीमांसा झालेली नाही. टनभर वजनाची मोटार भूमीला चारच ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाणचे स्पर्शक्षेत्र जेमतेम तळहाताएवढे असते. या चार तळहातांचे शास्त्र प्रस्थापित करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

प्रथम लक्षण सांगतो. 'टायरात कोंडला जाऊन भार वाहणारा आणि नकळत निघून जाणारा जो वायू, तो चक्रोदरवायू.' यातील 'नकळत' हे पद अनिवार्य आहे. सुदृढ टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय दाब निघून जातो. हे पद गाळल्यास लक्षणाची पंक्चरवर अतिव्याप्ती होते; पंक्चर हे कळतेच, आणि बहुधा घाटात कळते.

शास्त्राचा इतिहास संक्षिप्त आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली हवाभरल्या चाकाचे पेटंट घेतले आणि जग ते विसरले. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने सिद्ध केली. पुढे थॉमसन यांचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे अवैध ठरले, पण नाव डनलॉप यांचेच राहिले. या विद्येची पुनःस्थापना पशुवैद्याच्या हातून झाली, याची नोंद अभियंत्यांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही.

आता प्रमाणविचार. टायरमधील दाब कोणत्या साधनाने जाणावा, यावर चार संप्रदाय प्रचलित आहेत.

१. नेत्रप्रमाणवादी. हे दहा फुटांवरून, किल्ली बोटाभोवती फिरवीत, टायरकडे पाहतात. रेडियल टायरचे पोट योग्य दाबातही किंचित सुटलेले असते आणि हवा बरीच उतरली तरी पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. येथे प्रत्यक्षच भ्रामक ठरते.

२. पादप्रहारवादी. हे लाथ मारून निर्णय करतात. यांच्यात अग्रपादी (बुटाच्या टोकाने) आणि पार्ष्णिक (टाचेने) अशा दोन उपशाखा असून चपलेने प्रहार करणाऱ्यास दोन्ही शाखा अनधिकारी मानतात. या परीक्षेचा निष्कर्ष आजवर एकच आला आहे : 'ठीक आहे.' कोणत्याही विद्याशाखेत इतकी एकवाक्यता आढळत नाही.

३. शब्दप्रमाणवादी. हे आप्तवाक्यावर विसंबतात. 'सगळ्या गाड्यांना तीस' हे त्यांचे मूलसूत्र. येथे आप्त म्हणजे प्रायः मेहुणा.

४. यंत्रप्रमाणवादी. स्वतःचे गेज बाळगणारे. संख्येने अत्यल्प. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते उकिडवे बसलेले दिसल्यास वॉचमन चौकशीस येतो.

वरील संप्रदायांचा समन्वय पंपावर घडतो. तेथील संवाद प्रातिनिधिक म्हणून उद्धृत करतो.

'किती मारू, काका?'
'किती असते?'
'तीस-बत्तीस मारतात सगळे.'
'मग तेवढीच मार. चारीत सारखी.'

प्राचीन संवादांत शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. येथे दोघेही विचारतात, आणि उत्तर 'सगळे' नामक अनुपस्थित आचार्यांकडून येते. तदनंतर यंत्र टुंग असा नाद करते व ज्ञानप्राप्ती झाली असे समजण्यात येते.

आता पुरालेखविद्येकडे वळू. चालकाचा दरवाजा उघडला असता मधल्या खांबावर, पट्ट्याच्या खाली, धुळीच्या एका पातळ थरामागे एक आयताकृती लेख आढळतो. काही वाहनांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतील अंगास असतो. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे दाब पृथक् दिलेले असतात. कित्येकदा दोन-तीन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा, असे दोन पाठही असतात. अजिंठ्याची लेणी १८१९ साली शिकारीस निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. प्रस्तुत लेख मालकाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, दररोज दरवाजा उघडला जात असूनही, अद्याप अवाचित आहे. टायरच्या अंगावर जो कमाल दाब कोरलेला असतो त्यास काही जण मूळ पाठ समजतात. तो पाठ नव्हे. ती सीमा होय.

मुहूर्ताविषयी मतभेद नाहीत. दाब शीतावस्थेत, म्हणजे गाडी सुमारे तीन तास उभी राहिल्यावर, मोजावा. तापमान पाच-सहा अंश सेल्सियसने वाढले की दाब अंदाजे १ पीएसआयने वाढतो. म्हणून नागपुरात जानेवारीच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी निराळ्या स्वभावाची असते. एक्स्प्रेस वेवरून येऊन तापलेल्या टायरचा वाढीव आकडा पाहून हवा सोडणे, हे या शास्त्रातील महापातक. दसऱ्याला चाकांस हळदकुंकू वाहिले जाते. मालक टायरच्या इतक्या निकट वर्षातून एकदाच येत असल्याने गेज लावण्यास तो योग सर्वोत्तम.

विकार दोन. अवदाबात टायरच्या दोन्ही कडा झिजतात, भिंती पुनःपुन्हा दुमडून तापतात आणि अखेर फुटतात. अतिदाबात मधला पट्टा झिजतो.

नक्षीविचार मात्र सविस्तर केला पाहिजे. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तिच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात व टायरच्या खांद्यावर 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण त्यांचे स्थान दर्शवितो. झीज त्या उंचवट्यांशी समतल झाली की खोली १.६ मिलिमीटर उरते. कायद्यास मोटारीच्या बाबतीत एवढेच किमान मान्य आहे. तदुत्तर अवस्थेस लोकभाषेत 'गोटा' म्हणतात.

खाचांचे कार्य पाणी बाहेर लोटणे. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवरून असे सूत्र काढले की साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ते मोटारीस ढोबळमानाने लावल्यास ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २० पीएसआयला ७५. पुढे सुकाणू हे निव्वळ अलंकार होय.

याच्या विरोधात उभा ठाकलेला प्रबळ पूर्वपक्ष म्हणजे एकपावसाळावाद. 'अजून एक पावसाळा सहज निघेल' हा त्याचा सिद्धान्त. तो मे महिन्यात प्रतिपादिला जातो. जूनमध्ये घाटाच्या वळणावर गाडीचा मागचा भाग स्वतंत्र मत मांडतो, तेव्हा प्रतिपादक त्याचे खापर रस्त्यावर फोडतात. ऑक्टोबरात पाऊस संपतो, म्हणून सिद्धान्त सिद्ध झाला असे जाहीर होते, आणि पुढील मे महिन्यात तो त्याच टायरांना पुनश्च लागू केला जातो. येथे 'एक' ही संख्या नसून सातत्यवाचक पद असावे.

नायट्रोजनपंथाविषयी इतकेच म्हणता येईल की साध्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के असतो. पंपावर फुकट हवा भरणारा प्रत्येक जण त्या पंथाचा ७८ टक्के अनुयायी आहेच. उरलेल्या दीक्षेस पैसे पडतात आणि हिरवी टोपी मिळते.

स्टेपनीतील वायूचा विचार या खंडात केलेला नाही. डिकीतील सामान उतरविल्याखेरीज तो विषय अभ्यासकास उपलब्ध होत नाही, सामान उतरविण्याचा प्रसंग पंक्चरनंतरच येतो, आणि त्या समयी, मागील आसनावरून कुटुंबीय निरीक्षण करीत असता, निःपक्षपाती संशोधन संभवत नाही.