नंतर कळवते

पैठणीच्या पदरावर मोर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात मोर, समईच्या टोकावर मोर. लांडोर कुठेच नाही. ज्या परीक्षक बाईंसाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्यांना आपण पदराच्या काठावरसुद्धा जागा दिलेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला भल्या सकाळी जाऊन पाहा. मोर पिसारा उभारतो, उन्हाचा कोन साधतो, मागचे तपकिरी पंख थरथरवतो आणि मधूनच सगळी पिसं अशी हलवतो की सळसळ ऐकू यावी. समोरची लांडोर काय करते? दाणे टिपते. मान वळवून भलतीकडेच बघते. चालत चालत त्याच्या पाठीमागे जाते, आणि हा बिचारा एवढा पसारा सावरत गोल फिरून पुन्हा तिच्यासमोर हजर. आपल्याकडचा मुलगी बघण्याचा कार्यक्रमच हा, फक्त उलटा. नटूनथटून पोह्यांची बशी घेऊन मुलगा उभा, आणि मुलगी खिडकीबाहेर बघतेय.

ती खरोखर बघते तरी का? २०१३ साली अमेरिकेतल्या जेसिका योरझिंस्की यांनी लांडोरींच्या डोक्यावर नजरेचा माग घेणारे चिमुकले कॅमेरे बसवून याचा छडा लावला. (लांडोरी त्याला तयार कशा झाल्या, हा वेगळ्या निबंधाचा विषय.) निष्कर्ष मोरांच्या कानावर न गेलेलाच बरा. मोर पुढ्यात नाचत असतानाही त्यांची नजर त्याच्यावर एक तृतीयांश वेळसुद्धा नव्हती. होती तेव्हाही ती बहुतेक पिसाऱ्याच्या खालच्या भागावर. ज्या तुऱ्यावर आपण कविता करतो, तिकडे त्या क्वचितच बघत.

डार्विनसाहेबांना तर या पिसाऱ्याने छळलंच होतं. मोरपीस पाहिलं की मला मळमळतं, अशा अर्थाचं त्यांनी १८६० मध्ये एसा ग्रे या अमेरिकन मित्राला कळवलं होतं. जगण्याच्या धकाधकीत हे लोढणं कशासाठी? १८७१ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: माद्यांना आवडतं म्हणून. हे वॉलेस यांना काही पटेना. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा हा माणूस लांडोरीच्या आवडीनिवडीपाशी येऊन अडला. मला यात लांडोरीपेक्षा व्हिक्टोरियन दिवाणखानाच जास्त दिसतो.

पुढे इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री यांना आढळलं की ज्याच्या पिसाऱ्यावर डोळे जास्त, त्याला जोडीदारणी जास्त. त्यांनी काही मोरांच्या पिसाऱ्यातले डोळे कापले, तर त्यांचा भाव उतरला. मग जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं मोर पाहिले आणि २००८ मध्ये सांगितलं, असा काही संबंध दिसत नाही. म्हणजे लांडोरींनी शास्त्रज्ञांनाही ‘नंतर कळवते’ म्हणून वाटेला लावलं! नंतर कॅनडातल्या रोझलिन डाकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी संख्या बाजूला ठेवून रंग मोजला. त्या डोळ्यांमधली निळी-हिरवी झळाळीच मोराच्या यशापयशाशी बऱ्यापैकी जुळली. डोळ्यांवर स्टिकर चिकटवून ते झाकले, तेव्हा त्या मोरांची पार पंचाईत झाली.

गंमत म्हणजे हा निळा-हिरवा रंग पिसात नसतोच. रंगद्रव्य म्हणाल तर तपकिरी-काळं मेलॅनिन. त्याचे सूक्ष्म कण पिसाच्या तंतूंत ओळीने रचलेले असतात आणि त्या रचनेवरून परतणारा उजेड आपल्याला निळा-हिरवा दिसतो. कोन बदलला की रंगही बदलतो, म्हणून तर मोराला उन्हाची एवढी काळजी.

तेव्हा यंदा चिंचोलीला गेलात तर कॅमेरा दोन मिनिटं मोरावरून काढा आणि बाईंवर धरा. त्यांच्याही मानेवर हिरवी झाक असते. आणि जरा घाई करा. मोराचा नाच संपेपर्यंत त्या थांबतीलच असं नाही.